किनाऱ्यावरील पंगत आणि दूरचा रोगी : रायगड किनाऱ्यावरील भोजनव्यवसायातील काही घातक प्रघात

अन्नातून होणारी विषबाधा ज्या ठिकाणी अन्न सेवन केले त्याच ठिकाणी उघडकीस येते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वर्तमानपत्रांतील वृत्ते या समजुतीस पुष्टीच देतात. एखाद्या गावी लग्नाची पंगत उठते, संध्याकाळपासून वांत्या सुरू होतात, रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर गाड्यांची रांग लागते, आणि उजाडेपर्यंत गावातील लहानथोरांस ठाऊक होते की दोष त्या जेवणात होता. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत, जो भोजनव्यवसाय गेल्या काही दशकांत वाढीस लागला आहे, त्यास हे गृहीत लागू पडत नाही. येथे जेवणारा शनिवारी दुपारी सुरमईचे ताट घेतो, रविवारी संध्याकाळी परततो, आणि त्याचे पोट बिघडते ते दादर, ठाणे किंवा कोथरूड येथील स्वतःच्या घरी. त्याचा वैद्य त्यास औषध देतो. कोठे व काय खाल्ले याची नोंद होत नाही. शेजारच्या टेबलावर जेवलेले दुसरे कुटुंब त्याच रात्री नाशकास आजारी पडले असेल, तर ही दोन दुखणी एकाच टोपातून निघाली हे कोणासही कधी कळत नाही. आचाऱ्यास कळत नाही, मालकास कळत नाही, आणि ज्याने तपासणी करावयाची त्या अधिकाऱ्यासही कळत नाही. या व्यवसायातील अनेक दोषांचे मूळ अप्रामाणिकपणात शोधले जाते. तो आहेच, परंतु ते दोष वर्षानुवर्षे टिकून राहतात ते मुख्यतः कार्य आणि कारण यांमध्ये पडलेल्या या अंतरामुळे, असे म्हणावे लागते.

या अंतराचे माप रोगशास्त्रात उपलब्ध आहे. स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या विषाची बाधा काही तासांतच होते, म्हणजे ती किनाऱ्यावर असतानाच जाणवण्याचा संभव असतो. क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिन्जेन्सला साधारणतः ८ ते १६ तास लागतात. साल्मोनेलाची बाधा ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत केव्हाही प्रकट होते. विषमज्वरास एक ते तीन आठवडे, आणि दूषित पाण्यातून वा कच्च्या शिंपल्यांतून येणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या काविळीस १५ ते ५० दिवस लागतात. महिन्यापूर्वीच्या सहलीत प्यालेले सरबत आणि आजची कावीळ यांचा संबंध जोडणारा रोगी विरळाच.

प्रथम या व्यवसायाचे स्वरूप पाहिले पाहिजे. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात खाणावळ ही मुख्यतः कामानिमित्त येणाऱ्या परगावच्या माणसाची सोय होती. तिचा ग्राहक ठरलेला, रोजचा आणि म्हणूनच मालकास जबाबदार धरू शकणारा असे. आज अलिबाग, नागाव, आक्षी, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर आणि श्रीवर्धन येथील ग्राहक हा शनिवार-रविवारचा पाहुणा आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारगाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले, आणि मुंबईहून सकाळी निघून दुपारच्या जेवणास अलिबागेत पोहोचणे सुकर झाले. या गर्दीस जेवू घालणारा वर्ग एकजिनसी नाही. त्यात मोठी निवासगृहे आहेत, रस्त्यालगतची उपाहारगृहे आहेत, आणि नारळी-पोफळीच्या वाडीतील घराच्या ओटीवर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी लावणारी कुटुंबेही आहेत. या शेवटच्या वर्गाने अनेक घरांस, विशेषतः घरातील स्त्रियांस, स्वतःची मिळकत दिली आहे. त्याचा विचार सहानुभूतीनेच व्हावयास हवा.

तथापि ‘घरगुती’ हा शब्द जे आश्वासन देतो त्यात एक फसगत दडलेली असते. घरचे अन्न निर्धोक असते ते घराच्या प्रमाणामुळे. दहा माणसांचे कालवण तासाभरात शिजते, तासाभरात संपते, आणि उरलेच तर लहान भांड्यात चटकन निवते. तीच चूल, तोच एक शीतकपाट आणि तीच दोन माणसे जेव्हा जोडून आलेल्या सुटीच्या दिवशी साठ-सत्तर पाने वाढू लागतात, तेव्हा घरगुती पद्धत हीच धोक्याची ठरते. मोठ्या टोपातील मटणाचा रस्सा चुलीवरून उतरवून ठेवला असता बाहेरून कोमट लागतो, पण त्याचा गाभा कित्येक तास ऊन राहतो. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू उकळीतूनही जिवंत राहतात. ४३ ते ४७ अंश सेल्सिअस हे तापमान त्यांस मानवते, आणि त्या उबेत त्यांची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. या वेगाने एका जंतूचे तीन तासांत अडीच लाखांहून अधिक जंतू होतात. टोप जितका मोठा तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, आणि म्हणून निवण्याची क्रिया तितकीच मंद. ही शाळेतील भूमिती येथे आरोग्याचा प्रश्न बनते. भाताचेही तसेच. सकाळी शिजवून परातीत झाकून ठेवलेल्या भातात बॅसिलस सिरियसचे बीजाणू रुजले, तर त्यांनी निर्माण केलेले वांतीकारक विष पुन्हा वाफ दिल्याने नष्ट होत नाही. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनी गरम वाढावयाचे अन्न ६० अंशांच्या वर व थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे ते याच कारणास्तव. हा नियम मोडण्यास कोणाचीही दुष्ट बुद्धी लागत नाही. मोठ्या टोपातील रस्सा चार उथळ भांड्यांत ओतावयास जागा नसली की तो आपोआप मोडतो.

किनाऱ्यावरील जेवणाचा प्राण म्हणजे मासळी. तिच्या संबंधात एक असा प्रकार आढळतो की ज्यात विषबाधा ताटावरच प्रकट होते, आणि तरीही दोष जेवणाऱ्यावरच येतो. बांगडा, कुपा, तारली आणि काही प्रमाणात सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल विपुल असते. मासा मेल्यानंतर त्याच्या कल्ल्यांतील व आतड्यांतील काही सूक्ष्मजंतू या आम्लापासून हिस्टामीन तयार करतात. मासळी पकडल्याबरोबर बर्फात गेली तर ही क्रिया जवळजवळ थांबते. उन्हात, टोपलीत किंवा अपुऱ्या बर्फात काही तास राहिली तर ती वेगाने चालते. एकदा जंतूंनी आपले विकर तयार केले की पुढे शीतकपाटात ठेवूनही त्याचे कार्य पूर्णपणे बंद पडत नाही. गोठवलेला मासा बाहेर काढला असता ते पुन्हा सुरू होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तयार झालेले हिस्टामीन तळण्याने, भाजण्याने वा कढवण्याने जात नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांनी अशा माशांसाठी किलोमागे २०० मिलिग्रॅम ही सुरक्षिततेची मर्यादा घालून दिली आहे. एकाच माशाच्या दोन तुकड्यांत हे प्रमाण भिन्न असू शकते, आणि मर्यादा ओलांडलेला मासा दिसण्यास व वासास पुष्कळदा ठीकच असतो. त्यावर मालवणी मसाल्याचे वाटण आणि आमसूल चढले की जिभेस येणारी किंचित चुरचुरही मसाल्याच्या तिखटपणात लपून जाते.

असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन-तीन तासांच्या आत चेहरा लाल होतो, डोके दुखू लागते, अंगावर पित्त उठते, छाती धडधडते. वाढणारा म्हणतो, “तुम्हाला मासे सोसत नाहीत.” रोग्यालाही ते पटते, कारण त्याच ताटावरील दुसऱ्यास काहीच झालेले नसते. वैद्य पित्तशामक गोळी देतो. तिने बरेही वाटते, कारण ती गोळी हिस्टामीनच्याच परिणामास अडवणारी असते. अशा रीतीने बिघडलेल्या बर्फाच्या पेटीचा दोष एका माणसाच्या प्रकृतीवर कायमचा लादला जातो, आणि तो पुढे जन्मभर ‘मला बांगडा चालत नाही’ असे सांगत राहतो. पापलेटासारख्या पांढऱ्या मांसाच्या माशांत हिस्टिडीन कमी असल्यामुळे हा प्रकार त्यांत क्वचितच घडतो. त्यामुळे समजूत अधिकच पक्की होते.

कोळी समाजास बर्फाचे व वेळेचे महत्त्व शिकविण्याची आवश्यकता नाही. मासळीचा कल्ला उघडून, डोळा पाहून, अंगठ्याने दाबून ताजेपणा ठरविण्याची कसोटी त्यांच्या बायका बाजारात रोज लावतात, आणि गिऱ्हाईकासही ती लावू देतात. उपाहारगृहात मासा जेवणाऱ्यासमोर येतो तो डोके काढलेला, रवा लावलेला आणि तळलेला. म्हणजे बाजारातील ग्राहकाच्या हाती असलेली प्रत्येक खूण येथे काढून घेतलेली असते. ‘ताजी मासळी’ ही पाटी मग वस्तूचे वर्णन न राहता स्वतःच एक विक्रीची वस्तू होते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांस समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. खाडीतील व बिनयांत्रिक होड्यांची मासळी तेव्हाही मिळते. मात्र जुलै महिन्यात भरपूर सुरमई व पापलेट ‘आजच आलेले’ म्हणून ताटात पडत असतील, तर ती शीतगृहातली असावी किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असावी, कारण तेथील बंदी १४ जूनला संपते. शीतगृहातील मासळी वाईट असते असे नव्हे. नीट गोठवलेला मासा अर्धा दिवस उन्हात राहिलेल्या ‘ताज्या’ माशाहून कितीतरी निर्धोक असतो. अनीती आहे ती गोठवलेले गोठवलेले म्हणून न सांगण्यात. ताटात मावेल अशा लहान पापलेटाची मागणी हाही अनीतीचाच एक प्रकार होय, आणि तिची झळ समुद्रास लागते. राज्य शासनाने २०२३ मध्ये रुपेरी पापलेटास राज्य मासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडावयाच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले.

बर्फाची गोष्ट येथे पुन्हा निघते, कारण त्याचे दोन उपयोग एकमेकांत मिसळतात. मासळीसाठी आणलेली बर्फाची लादी पिण्याच्या पाण्यापासून केलेली असेलच असे नाही. ती फोडून सरबतात, कोकमात किंवा सोलकढीत टाकली गेली तर मासळीसाठी घेतलेली सारी खबरदारी पेल्यात वाहून जाते. हा गोंधळ टाळण्यासाठी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फास निळा रंग देणे बंधनकारक केले. कल्पना सोपी, आणि निरक्षरासही कळेल अशी. रंग दिसतो तोवर ती चालते. बर्फ विरघळलेल्या पेल्यात, त्यातही आमसुलाच्या गुलाबी रंगात, ती निळाई शोधावयास कोणी बसत नाही.

सोलकढीचा स्वतंत्र विचार व्हावयास पाहिजे, कारण कोकणी जेवणाच्या शेवटी पाचक म्हणून घेतला जाणारा हा पदार्थ बहुधा न शिजवलेला असतो. नारळ खवून, वाटून, पाणी घालून हाताने पिळतात. आगळ, मीठ, मिरची, लसूण घालतात. आगळाच्या आंबटपणामुळे काही जंतूंची वाढ मंदावते हे खरे. पण पाणी कोणत्या विहिरीचे किंवा टँकरचे, हात कोणाचे, वाटण ज्या पाट्यावर वा यंत्रात केले त्यात आधी काय वाटले होते, या प्रश्नांना आगळ उत्तर देत नाही. घरी सकाळी केलेली सोलकढी दुपारी संपते. उपाहारगृहात ती बादलीत संध्याकाळपर्यंत राहते. कांदा-काकडीचेही असेच. ज्या विळीवर व फळीवर कोळंबी साफ केली तीवरच काकडी चिरली, तर समुद्राच्या उबदार पाण्यात स्वभावतः राहणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू माशाबरोबर कढईत न जाता काकडीबरोबर थेट ताटात जातो. हा जंतू १९५० मध्ये जपानातील ओसाका येथील एका मोठ्या विषबाधेच्या तपासात प्रथम ओळखला गेला, आणि ती बाधाही लहान माशांच्या एका लोकप्रिय खाद्यातूनच झाली होती. तिसऱ्या, खुबे आणि कालवे ही तर पाणी गाळून जगणारी प्राणिजात; खाडीकाठच्या वस्तीचे सांडपाणी ज्या पाण्यात उतरते ते त्यांच्या शरीरातून जाते, आणि त्यातील सूक्ष्मजंतू तेथेच साठतात. शिंपले उघडले की तिसऱ्या शिजल्या, ही रूढ खूण चवीसाठी पुरेशी आहे, आरोग्यासाठी नाही.

लोकमत जागे होते ते मात्र बहुधा दुसऱ्याच भयाने. २०१८ च्या जून महिन्यात केरळमध्ये ‘ऑपरेशन सागर राणी’ या मोहिमेत फॉर्मालिन लावलेली मासळी पकडली गेली. पुढच्याच महिन्यात मडगावच्या घाऊक मासळी बाजारात गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली. जागेवरील चाचणी व नंतरचा प्रयोगशाळेचा निष्कर्ष यांत मेळ न बसल्याने मोठा वाद माजला, आणि गोवा सरकारने परराज्यांतील मासळीवर काही काळ बंदी घातली. शवरक्षणाचे रसायन अन्नास लावणे हा निंद्य गुन्हा होय, याविषयी दुमत नाही. परंतु या प्रकरणातून एक शास्त्रीय गुंता पुढे आला, आणि तो रायगड किनाऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमिन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. मासा मेल्यावर जंतूंच्या क्रियेने त्यापासून मासळीचा परिचित वास देणारे द्रव्य बनते; आणि काही जातींत माशाच्या स्वतःच्याच विकरामुळे त्याचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड तयार होते. बोंबील ही अशा जातींपैकी ठळक जात आहे. म्हणजे कोणीही काहीही न लावलेल्या, केवळ थोड्या शिळ्या झालेल्या बोंबलाची परीक्षा केली तर त्यात फॉर्माल्डिहाइड आढळेल. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रंगबदलाच्या सोप्या चाचणीपट्ट्या तयार केल्या, त्यांचा बाजारात मोठा उपयोग आहे. परंतु पट्टीचा रंग आणि विक्रेत्याचा अपराध यांमध्ये माशाची जात व त्याचे वय हे दोन प्रश्न उभे राहतात. ते न विचारता बोंबील विकणाऱ्या बाईस दोषी ठरविणे हा अन्याय होईल. उलट, ज्या बांगड्यातील हिस्टामीन खरोखर अपाय करते त्यासाठी बाजारात कोणी पट्टी घेऊन हिंडत नाही. भीती आणि धोका यांच्या वाटा अशा वेगळ्या पडतात.

तळणीच्या तेलाविषयी थोडक्यात सांगता येईल. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मार्च २०१९ पासून तळणीच्या तेलाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन आले, पण ते दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांवर. किनाऱ्यावरील बहुसंख्य स्वयंपाकघरे या मापाच्या खूपच खाली असणार. नियम सर्वांस लागू, नोंद थोड्यांची, अशी ही स्थिती आहे. आणि नोंद नाही तेथे ‘कालचे तेल आज माशाला, उद्या फोडणीला’ हा हिशेब निर्वेध चालतो.

स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसाचा विचार या चर्चेत सहसा शेवटी येतो, आणि तोही स्वच्छतेच्या उपदेशापुरता. वस्तुतः सुटीच्या दिवसांपुरता रोजावर आणलेला मदतनीस हा या साखळीतील सर्वांत दुर्बल दुवा आहे. कोळंबी सोलणाऱ्याच्या बोटांस काटे व कवचे लागून जखमा होतात. पिकलेल्या जखमेतील स्टॅफिलोकॉकसचे विष उकळूनही जात नाही. जुलाब लागलेला आचारी घरी बसला तर त्याची त्या दिवसाची मजुरी जाते, आणि तो दिवस नेमका हंगामाचा असतो. म्हणून तो येतो, व कोणी त्यास विचारत नाही. अन्न हाताळणाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि त्यास विषमज्वर-गटाच्या रोगांविरुद्ध लस टोचावी, असे नियमांत आहे. दोन दिवसांच्या रोजंदारी नोकराची ही तपासणी कोणी करावी हा प्रश्न नियमकर्त्यांनी मालकावर सोडला, आणि मालकाने दैवावर. १४ वर्षांखालील मुलांस ढाबे, उपाहारगृहे व चहाच्या टपऱ्यांवर कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्व व्यवसायांस लागू झाली. पण त्याच दुरुस्तीने कुटुंबाच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर व सुटीत मुलाने मदत करण्यास मुभा ठेवली. किनाऱ्यावरील धंद्याचा हंगाम म्हणजे शाळेचीच सुटी. तेव्हा घरगुती खाणावळीत ताटे उचलणारा मुलगा कायद्याच्या आत आहे की बाहेर, हे त्याच्या नात्यावर ठरते, श्रमावर नाही.

कायद्याच्या इतिहासाकडे पाहिले असता ही दुर्बलता अकस्मात आलेली नाही हे ध्यानात येते. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जून १९५५ पासून अंमलात आला. त्याची दृष्टी रसायनशाळेची होती: दुधात स्निग्धांश इतका, हळदीत रंग नको, तेलात दुसरे तेल नको. ज्या पदार्थास प्रमाण ठरविता येते त्यातील विचलन त्याने मोजले. बांगड्याच्या तिखल्यास असे प्रमाण कोठून असणार? शिजवलेल्या अन्नातील दोष हा घटकांत नसून वेळेत व उष्णतेत असतो, आणि त्या जुन्या कायद्याजवळ वेळ मोजण्याचे साधन नव्हते. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा, जो ऑगस्ट २०११ पासून प्रत्यक्षात लागू झाला, त्याने ही उणीव ओळखली. स्वच्छता, तापमान, पाणी, नोकरांचे आरोग्य यांची सविस्तर अनुसूची त्याच्या नियमांस जोडलेली आहे. २०११ च्या नियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीस परवान्याऐवजी केवळ नोंदणी पुरेशी मानली. धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यास लहान व्यावसायिकांत धरले, परंतु जेवणाचा मक्ता घेणाऱ्यास त्या सवलतीतून स्पष्टपणे वगळले. हा भेद विचारपूर्वक केलेला दिसतो. मात्र जो शेजारी एका मोसमात चार हळदींचे व दोन बारशांचे जेवण करून देतो, तो मक्तेदार केव्हापासून झाला, हे गावात कोणी ठरवीत नाही. जिल्ह्याचे अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय पेण येथे आहे. तेथून हरिहरेश्वर रस्त्याने शंभर किलोमीटरांहून दूर. नमुना घेतला तर त्याचे चार भाग करावयाचे, आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा, ही पद्धत तेलाच्या डब्यास योग्य आहे. रविवारी दुपारी तीन वाजता टोपात असलेला रस्सा चौदा दिवस वाट पाहत नाही, आणि अधिकारी पोहोचेपर्यंत तो टोप घासूनही झालेला असतो.

या जिल्ह्यातील एक दुर्घटना येथे तुलनेस उपयोगी पडते, जरी ती किनाऱ्यावरची नाही व भोजनव्यवसायाचीही नाही. १८ जून २०१८ रोजी खालापूर तालुक्यातील महड या वरदविनायकाच्या गावी वास्तुशांतीच्या जेवणानंतर अनेकांस विषबाधा झाली आणि लहान मुलांसह काही जण दगावले. प्रथम ती अन्न बिघडल्याची घटना मानली गेली. पुढे पोलिसांनी आरोप ठेवला तो जेवणात कीटकनाशक मिसळल्याचा. महडचे रोगी एकाच गावचे, एकाच रात्रीचे व एकाच पंगतीचे होते. म्हणून दोन-चार दिवसांत अन्नाचे अवशेष, लक्षणे व जेवणाऱ्यांची यादी एकत्र आली, आणि पहिली समजूत चुकीची ठरू शकली. तेच जेवण नागावच्या एखाद्या निवासगृहात वीस मोटारींतून आलेल्या पाहुण्यांनी घेतले असते, तर प्राणघातक विषाचा तेवढा पत्ता लागला असता. परंतु सौम्य बाधेचा, म्हणजे रोज घडू शकणाऱ्या बाधेचा, मुळीच लागला नसता. किनाऱ्यावर विषबाधेच्या नोंदी थोड्या दिसल्या तरी त्यावरून तेथील अन्न निर्धोक आहे असे अनुमान काढता येत नाही. नोंद न होण्यास जी परिस्थिती कारण आहे, तीच परिस्थिती दोष वाढण्यासही कारण आहे.

यावर उपाय कायद्यातच पडून आहे. २००६ च्या कायद्याचे ३५ वे कलम अन्न प्राधिकरणास असा अधिकार देते की अधिसूचना काढून विशिष्ट क्षेत्रातील नोंदणीकृत वैद्यांस, त्यांच्या नजरेस येणारी अन्नविषबाधेची प्रत्येक घटना नेमलेल्या अधिकाऱ्यास कळविणे भाग पाडावे. या कलमातील ‘विशिष्ट क्षेत्र’ हे शब्द रायगड किनाऱ्याच्या बाबतीत कसोटीचे ठरतात. क्षेत्र म्हणून अलिबाग वा श्रीवर्धन तालुका धरला तर थोडेच हाती लागेल. क्षेत्र धरावयास हवे मुंबई, ठाणे व पुणे येथील वैद्यांचे, म्हणजे जेथे रोगी परतलेला असतो तेथले. २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम जिल्हावार नोंदी गोळा करतो, आणि प्रत्येक जिल्हा स्वतःच्या सीमेतील उद्रेक शोधतो. एका जिल्ह्यात खाऊन दुसऱ्या जिल्ह्यात आजारी पडणाऱ्यास या जाळ्यात जागा मिळावयाची, तर वैद्याच्या केसपेपरवर ‘मागील तीन दिवसांत बाहेर कोठे जेवलात’ हा एक प्रश्न वाढला पाहिजे, आणि त्याचे उत्तर मुक्कामाच्या जिल्ह्यास कळविले गेले पाहिजे.

स्वयंपाकघराच्या बाजूनेही दोन गोष्टी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत. प्रत्येक वेळच्या जेवणातील पदार्थांचा वाटीभर नमुना तारीख घालून तीन दिवस शीतकपाटात ठेवावा. मोठ्या सामुदायिक स्वयंपाकघरांत ही पद्धत परिचित आहे, आणि प्रामाणिक मालकास खोट्या आरोपापासून तीच वाचविते. वीज खंडित झाली तर तिची वेळ लिहून ठेवावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागातील गावे कित्येक दिवस अंधारात होती. तेवढ्या दीर्घ खंडात मासळी टाकून द्यावी लागते हे कोणासही कळते. पावसाळ्यातील रोजच्या चार-पाच तासांच्या खंडात मात्र शीतकपाटातील बांगडा गरम होतो, वीज आल्यावर पुन्हा थंड होतो, आणि त्याच्या मांसात त्या अवधीत काय घडले याची खूण बाहेरून दिसत नाही. या अवधीचे मोजमाप अवघड नाही. एक साधा तापमापक, एक वही, आणि रेवस, राजपुरी वा जीवना बंदरापासून ताटापर्यंत एका बांगड्याचा प्रवास तासातासाने टिपून ठेवण्याची चिकाटी, एवढ्या साधनांवर पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका प्रबंधाचा विषय उभा राहतो. असे मोजमाप मे महिन्यात एकदा, ऑक्टोबरात एकदा, आणि शनिवारी व मंगळवारी वेगवेगळे झाले पाहिजे, कारण मंगळवारचा मासा आणि शनिवारचा मासा एकाच बंदरातून आले तरी एकाच गतीने ताटात पोहोचत नाहीत.